मरतूक सहा

बावन्न. पन्नास पिल्लं मागवली की उबवणी केंद्र वर दोन देतं, म्हणून बावन्न. मनकर्णाबाईंच्या पडवीत पत्र्याचं गोल कुंपण होतं, त्यात ती सगळी होती. गुरुवारी, म्हणजे पिल्लं येऊन चौथ्या दिवशी, सकाळी दहा चाळीसला मी ती दोनदा मोजली. पिल्लं मोजताना चूक होते ती एकच पिल्लू पुन्हा मोजण्याची, म्हणून मी मध्ये पुठ्ठा धरते आणि मोजलेली पुठ्ठ्यापलीकडे लोटते. दोन्ही वेळा बावन्न. उभी छेचाळीस. उभी न राहणारी सहा. त्या सहापैकी चौघांचे दोन्ही पाय बाजूंना फाकलेले, दोघांचा फक्त उजवा. सहाही जणांचे डोळे स्वच्छ, चोची मिटलेल्या, शेपटाखालची पिसं कोरडी. म्हणजे हगवण नाही, धाप नाही. पाण्याची भांडी दोन, खाद्याची ताटं दोन, साठ वॅटचा पिवळा बल्ब एक, जमिनीपासून सव्वा फूट उंच. खाली अंथरलेला फ्लेक्स एक. तोही मी वहीत लिहिला. लिहिला, पण पाहिला नाही.

"सहा बाद," गुणवंतराव म्हणाले. ते आमच्या संस्थेचे समन्वयक, माझे वरिष्ठ. संस्था गावागावांतल्या बायकांच्या गटांना पिल्लं देते, आणि मी चंद्रपूरहून एसटीने जाऊन ती मोजते, एम.एस्सी. झाल्यावर मिळालेलं हे माझं पहिलं काम. गुणवंतरावांनी बाह्या वर केल्या, बसायला दिलेल्या खुर्चीवरून न उठताच वाकले आणि एकेक पिल्लू उचलून त्याची मान मोडू लागले. आवाज फार नव्हता. पेनाचं टोपण लावताना होतो तेवढा. ते करता करता ते मनकर्णाबाईंच्या नवऱ्याला तलावातल्या मासळीचं विचारत होते, यंदा रोहू किती निघाला, पाणी किती उरलं. मी फोनवर नोंद भरत होते. मरतूक या शब्दापुढच्या चौकोनात मी सहा लिहिलं. खाली कारण विचारलेलं होतं आणि निवडायला तीनच शब्द होते: रोग, भक्षक, हयगय. मी थांबले. "हयगय दाबा," गुणवंतराव म्हणाले. "रोग दाबला तर डॉक्टर बोलवा, पिल्लू फाडा, उबवणीवाल्याले नोटीस द्या. काऊन उगाच?" मी हयगय दाबलं आणि पाठवा दाबलं. माझ्या अंगठ्याला त्यासाठी काहीच जोर लागला नाही, आणि याचाच मला नंतर सगळ्यात जास्त राग आला. इतक्या मोठ्या खोटेपणाला निदान काहीतरी जड लागायला हवं होतं.

ते तलावावर हात धुवायला गेले तेव्हा मनकर्णाबाई फडकं ओलं करून कुंपणात वाकल्या आणि त्यांनी फ्लेक्सची कड वर उचलली. खाली, मातीला पोट लावून, एक पिल्लू पडलेलं होतं. उजवा पाय बाजूला, घड्याळाच्या तीनवर काटा असावा तसा. ते ओरडत होतं. मी कुंपणाबाहेर ठेवलेली मेलेली मोजली. पाच. गुणवंतरावांनी सहा म्हटलं होतं, मी सहा लिहिलं होतं, आणि त्यांचे हात पाचवर थांबलेले आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. मी, जी पुठ्ठा धरून दोनदा मोजते, तिने मारलेली एकदाही मोजली नव्हती. मी धावत तलावाच्या पाळीपर्यंत गेले आणि सांगितलं, "सर, एक जिवंत आहे." ते रुमालाने बोटं पुसत होते. "नोंद पाठवली ना तुम्ही?" "हो." "मग ते मेलं," म्हणाले आणि हसले. वाईट हसले नाहीत. बस चुकल्यावर माणूस हसतो तसे. मोटरसायकलला किक मारत म्हणाले, "मॅडम, पाचावर गेलं की गट बाद होते, हे मले नाई का माहीत? पन..." आणि पुढचं वाक्य आवाजात बुडालं.

हा पाचाचा नियम सांगायला हवा. पन्नासावर दहा टक्के, म्हणजे पाच, इथपर्यंत मरतूक चालते. सहावं मेलं की गटाच्या नावापुढे हयगय हा शेरा कायम होतो आणि पुढची खेप मिळत नाही. मनकर्णाबाईंच्या गटात दहा बायका आहेत, सगळ्या त्या तलावाच्या काठच्या, घरची माणसं मासे धरणारी आणि धानाच्या दिवसांत रोजीला जाणारी. पहिली खेप मनकर्णाबाईंच्या घरी वाढवून पाच बायकांत वाटायची, दुसरी उरलेल्या पाचजणींची. त्या पाचजणींनी खुराडी बांधून ठेवली होती. मैना नावाच्या बाईने तर दारालाही कोयंडा बसवला होता. पहिल्या दिवशी तिने मला हात धरून नेऊन तो उघडून दाखवला होता. म्हणजे आता तो कोयंडा आणि त्या पाच बायका एका पिल्लावर अवलंबून होत्या, आणि ते पिल्लू कागदावर मेलेलं होतं. मनकर्णाबाईंनी ते एका स्टीलच्या डब्यात मूठभर कोंड्यावर ठेवलं, झाकण अर्धं ठेवलं आणि माझ्या हातात दिलं. "न्या तुमी, मॅडम. इथी राह्यलं त भाऊ परत येईन आन् थेही करून टाकन." भाऊ म्हणजे गुणवंतराव. मग माझ्याकडे न पाहता, "आमी हयगय नाई केली जी. आमाले समजलंच नाई काय झालं त."

एसटीत डबा मांडीवर होता. सिंदेवाहीपासून मूलपर्यंत जंगल आहे, डिसेंबरात सागाची पानं लालसर होऊन रस्त्यावर येतात, आणि मी एरवी खिडकीतून मोजत बसते, किती वेळाने कुठलं झाड बदलतं. त्या दिवशी मी काहीच मोजलं नाही. डब्याच्या पत्र्यातून मांडीला एक बारीक थरथर लागत होती. ती इंजिनाची की पिल्लाची हे मी वेगळं करायचा प्रयत्न करत होते. बस थांब्यावर थांबली की उरायची ती पिल्लाची. मला मरतूक या शब्दाचा राग येत होता. तोपर्यंत तो शब्द मला निरुपद्रवी वाटायचा, वह्यांच्या समासातला. पण त्या शब्दात कर्ता नाही. कोणी मारलं, कशाने मेलं, कोणाच्या देखत, यातलं काहीच त्यात शिरत नाही. पाणी आटावं तशी पिल्लं आपोआप कमी होतात. आणि हयगय या शब्दात मात्र कर्ता ठासून भरलेला आहे, आणि तो कर्ता नेहमी गरीब असतो. संस्थेचे अध्यक्ष हयगय करत नाहीत, समन्वयक करत नाहीत. एम.एस्सी. झालेली मुलगी तर नाहीच नाही.

बी.एस्सी.ला असताना ब्रह्मपुरीच्या कॉलेजात आम्हाला एक साधा प्रयोग होता, ब्युरेटमधून थेंब थेंब सोडून रंग बदलला की आकडा वाचायचा. उत्तर दहा यायला हवं हे सगळ्यांना माहीत होतं. माझं नऊ पूर्णांक सात आलं. मी तीनदा केलं, तिन्ही वेळा नऊ पूर्णांक सात. सगळ्यांनी दहा लिहिलं. मास्तर माझ्या वहीवर वाकून म्हणाले, "तुझं द्रावण बिघडलं असेल, दहा लिही." मी लिहिलं नाही आणि दोन गुण गेले. महिन्याभराने कळलं की बाटलीतलं द्रावणच जुनं होतं, तेव्हा सगळ्यांचंच नऊ पूर्णांक सात यायला हवं होतं. मला ते दोन गुण कोणी परत दिले नाहीत, पण मला त्याचा गर्व होता; मी स्वतःला अनेकदा ती गोष्ट सांगितलेली आहे. माझे बाबा भूमी अभिलेखच्या मोजणीत साखळी धरायचे, आयुष्यभर तेच काम. ते म्हणायचे, साखळी ढिली धरली त साहेबाचं काही जात नाई, कोनाचं तरी वावर कमी होते. लहानपणी हे ऐकून मी स्वप्नात साखळी धरून उभी असायचे, हात दुखायचे. इतकं सगळं शिकून, इतका गर्व जमवून, मी एका पडवीत बसून पाचाला सहा लिहिलं. या वेळी द्रावण बिघडलं नव्हतं. मीच बिघडले होते.

चंद्रपुरात तुकूमला माझी खोली आहे, सरितासोबत. सरिता एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे, गावाकडच्या ओळखीतली. खोलीला पांढऱ्या गुळगुळीत फरशा आहेत. वीजकेंद्राची राख दिवसातून दोनदा पुसावी लागते, म्हणून घरमालकाने मुद्दाम तशाच बसवल्या. साडेपाचला पोचले, डबा उघडला आणि पिल्लू फरशीवर ठेवलं. ते उभं राहायला गेलं. डावा पाय त्याने खाली रोवला, उजवा बाजूला सरकला. पुन्हा. पुन्हा सरकला. मी घड्याळ लावलं होतं, एका मिनिटात अकरा प्रयत्न. मग डावाही सरकू लागला. मी दारातलं पायपुसणं उचललं, काथ्याचं, आणि पिल्लू त्याच्यावर ठेवलं. त्याने डाव्या पायाची बोटं काथ्यात रुतवली. तिन्ही बोटं, आणि मागचं चौथं. पाय सरकला नाही. उजवा अजून बाजूलाच होता, पण थरथरत थोडा आत आला, मोजला तर दीड सेंटीमीटर, आणि तिथे टिकला. त्या क्षणी मला फ्लेक्स दिसला. वहीत लिहिलेला नव्हे, खरा.

सोमवारी पिल्लं आली तेव्हा कुंपणात दोन इंच कोंडा पसरलेला होता. आमच्या पुस्तिकेत त्याला तूस म्हटलेलं आहे. मनकर्णाबाईंनी तो गिरणीवरून आणून, चाळून, उन्हात घालून पसरला होता, पुस्तिकेत नसेल इतका चांगला. मग फोटो काढायचा होता. फोटोत संस्थेचा फ्लेक्स दिसायला हवा, त्याशिवाय वरचे लोक फोटो परत पाठवतात. फ्लेक्सवर आमचे अध्यक्ष आहेत, ओंजळीत एक पिल्लू घेऊन हसताना, आणि खाली कार्यक्रमाचं नाव. गुणवंतराव म्हणाले, भिंतीवर लावला तर पिल्लं लहान दिसतात, खालीच टाका, पिल्लं वरती सोडा, दोन्ही येतील. आणि मी, फोन हातात धरून, माझ्या सगळ्यात नीट मराठीत, ज्या मराठीत मी गावात बोलते म्हणजे लोक ऐकतात, मनकर्णाबाईंना म्हणाले होते, "ताई, ते तूस जरा बाजूला करता का?" त्यांनी केलं. सुपात भरून बाजूला केलं. फ्लेक्स अंथरला, फोटो निघाला. चौदाव्या दिवशी परत फोटो लागेल, तोवर असंच राहू द्या, हे गुणवंतराव म्हणाले. पण बाजूला करा हे मी म्हणाले. तुळतुळीत प्लास्टिकवर चार दिवस. कोवळी हाडं, कोवळे सांधे, एकदा बाजूला गेलेला पाय रोज थोडा आणखी बाजूला. यात रोग नव्हता, भक्षक नव्हता. हयगय होती, आणि ती माझ्या तोंडून निघाली होती, "जरा" आणि "करता का" लावून.

मी लगेच फोन लावला. "मनकर्णाबाई, तो फ्लेक्स काढा. आत्ता. खाली पोतं टाका नाहीतर तूस टाका."

"काय टाकू?"

"कोंडा. कोंडा टाका."

"काहाडू म्हनता? भाऊनं त सांगतलं, चौदा दिवसाच्या फोटोले लागते मून."

"फोटोचं मी बघते."

"आन् अध्यक्षसाहेब?"

"कोण अध्यक्षसाहेब?"

"थे खाली हायेत ना. त्यायच्या तोंडावर पोतं टाकाव का मंग?" त्या खरंच विचारत होत्या. "म्या त दोन टाइम ओल्या फडक्यानं पुसलं जी. पिल्लं बरोब्बर त्यायच्या तोंडावरच हागतेत. मोठा मानूस, बरं नाई दिसत."

दोन वेळा ओल्या फडक्याने. आधीच सरकणारं, त्यावर पाणी. इतक्या काळजीला माझ्या अंगठ्याने काय नाव दिलं होतं. मी म्हणाले, "टाका पोतं. तोंडावरच टाका." मग जे निघालं ते घरच्या बोलीत निघालं, जी मी नोकरीत कधी बोलत नाही. "बाई, कोंडा काहाडाले मीच सांगतलं होतं. माह्यं चुकलं. तुमचं काई नाई चुकलं."

मग त्या म्हणाल्या, "बाप्पा! तुमाले येते आमच्यासारखं बोलता? मंग काऊन थे पेपरातलं बोलत होत्या आमच्याशी?"

साडेसहाला मी बल्ब शोधायला निघाले. पिल्लाला ऊब लागते, आणि खोलीत सगळे एलईडी. ते उजेड देतात, ऊब देत नाहीत. जटपुरा गेटपासून तीन दुकानं फिरले. तिसऱ्या दुकानातला माणूस म्हणाला, "जुना पिवळा बल्ब? कोन घेते आता? एलईडी घ्या ना मॅडम, बिल वाचन." "मले उजेड नाई पायजे, गरमी पायजे." त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग माळ्यावर चढला आणि धुळीतून एक चाळीस वॅटचा काढला. सरिता ड्यूटीवरून आली तेव्हा मी टेबलाखाली पुठ्ठ्याचं खोकं, त्यात पोत्याचा तुकडा, वर बल्ब, अशी मांडणी करून बसले होते. "रश्मे, हे काय हाय?" तिने चप्पल न काढताच विचारलं. मी सांगितलं. पट्टी हवी आहे म्हटलं. "आमच्या वॉर्डात मानसाले पट्टी भेटत नाई, आन् तू कोंबडीले मांगतेस!" म्हणाली, आणि पर्समधून कागदी चिकटपट्टीचं अर्धं रीळ काढून टेबलावर ठेवलं. मग जमिनीवर बसली, पिल्लू तळहातावर उताणं घेतलं, आणि दोन बोटांनी त्याचे पाय इतके अलगद जवळ आणले की ते ओरडायचं थांबलं. मला त्या क्षणी गुणवंतरावांची बोटं आठवली. तीही कुशल होती. त्यांच्याही हातांत पिल्लू ओरडलं नव्हतं.

काम साधं असतं. पट्टीची अर्धा सेंटीमीटर रुंदीची चीर घ्यायची, एका पायाला घोट्याच्या वर एक वेढा, दुसऱ्याला एक, मध्ये दोन सेंटीमीटर अंतर, आणि मधली पट्टी स्वतःवरच चिकटवून टाकायची. बस. पाय फाकूच शकत नाहीत, पण चालता येतं, लहान लहान पावलांनी. पहिल्यांदा अंतर दीड ठेवलं तर पिल्लू चोचीवर पडलं. दुसऱ्यांदा दोन ठेवलं. एका पेल्यात कापूस घालून त्याला त्यात दर तासाला पाच मिनिटं उभं धरायचं, पाय खाली, म्हणजे वजन कुठे असतं हे शरीराला कळतं. पाण्यात बी-कॉम्प्लेक्सचे दोन थेंब. मला वाटत नव्हतं त्याची कमतरता आहे, पण नसेल तर बिघडत नाही. खर्च म्हणावा असा यात काहीच नव्हता. एक वीतभर पट्टी, एक पोत्याचा तुकडा. हे मी वहीत लिहिलं, आणि त्याखाली लिहिलं की हेच सहाही पिल्लांना करता आलं असतं. मनकर्णाबाईंच्या घरी सहा पट्ट्या फाडायला किती वेळ लागला असता? मी खरंच मोजलं, रिकाम्या पट्टीवर. एका पिल्लाला चार मिनिटं. सहांना चोवीस. तेवढाच वेळ गुणवंतराव यंदाच्या रोहूबद्दल बोलत होते.

पहिल्या दिवशी ते उभं राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी शनिवारी दुपारी तीन सेकंद. रात्री सतरा. मी कार्यालयात जाताना त्याला खोक्यातच ठेवायचे, सरिताची दुपारची ड्यूटी असली की ती पेल्यात उभं धरायची आणि मला फोन करून सांगायची, "तुह्या पेशंटनं आज शी केली, लिव्हून ठेव." मी लिहून ठेवायचे. सोमवारी संध्याकाळी पट्टी काढली, चार दिवसांनी. उजव्या पायावर पट्टीचा एक फिकट वळ होता. मी त्याला पोत्यावर ठेवलं आणि ते बसलं. उठलंच नाही. मी अर्धा तास उकिडवी बसून होते. मला आठवतं, तेव्हा मला आशा वगैरे काही वाटत नव्हतं, फक्त संताप होता, आणि तो कोणावर आहे हे सुद्धा धड ठरत नव्हतं. ज्या फोटोसाठी हे झालं तो फोटो मी फोनमध्ये मोठा करून पाहिला. छान आला होता. बावन्न पिल्लं, अध्यक्षांच्या गालावर, ओंजळीवर, नावाच्या अक्षरांवर, आणि बल्बचा उजेड प्लास्टिकवरून चमकत. कोपऱ्यात, कडेला, एका बाईचे हात, सूप धरलेले. तो फोटो आमच्या कार्यालयाच्या भिंतीवर लागला होता. पुरावा भिंतीवर टांगलेला होता आणि खाली बसून सगळे चहा पीत होते. मंगळवारी सकाळी उठून पाहिलं तर पिल्लू खोक्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात, पाण्याजवळ होतं. ते तिथे कसं गेलं हे कोणी पाहिलं नाही, म्हणून मी वहीत चाललं असं लिहिलं नाही. जागा बदललेली आढळली, असं लिहिलं.

चौदाव्या दिवसाची तपासणी रविवारी होती. मी पिल्लू त्याच स्टीलच्या डब्यात नेलं, सोबत एक कागद. कागदावर मी लिहिलं होतं: पहिल्या दिवशी तूस माझ्या सांगण्यावरून काढले, त्यामुळे सहा पिल्लांचे पाय गेले, त्यांपैकी पाच मारली, एक जिवंत आहे, गटाची हयगय नाही. खाली माझी सही, आणि गुणवंतरावांच्या सहीसाठी जागा. पडवीत पाऊल ठेवताच कोंड्याचा कोरडा वास आला. छेचाळीस पिल्लं, सगळी उभी. फ्लेक्स निघाल्यापासून एकही पाय नव्याने गेला नव्हता, आणि याला मी पुरावाच म्हणेन. गटातल्या सात-आठ बायका जमल्या होत्या. फ्लेक्स आता खुराड्याच्या छपरावर होता, अध्यक्ष आभाळाकडे पाहून हसत होते.

मी डब्यातलं पिल्लू बाकीच्यांत सोडलं, पुठ्ठा धरला, मोजली, सत्तेचाळीस. फोनवर जिवंत या शब्दापुढे सत्तेचाळीस लिहिलं. लाल अक्षरं आली: संख्या आधीच्या नोंदीपेक्षा जास्त असू शकत नाही. पुन्हा लिहिलं. पुन्हा लाल. गुणवंतरावांनी खुर्चीतूनच वाकून पाहिलं. "मेलेलं जित्तं होत नाई मॅडम ॲपमध्ये. छेचाळीस लिहा, संपवा."

"ते मेलेलं नव्हतं, सर. बाकीची पाचही मेलेली नव्हती." मी कागद पुढे केला. त्यांनी वाचला. मारली या शब्दावर त्यांचं बोट थांबलं.

"हे मारली नाई चालत. मरतूक लिहा."

"मरतूकमध्ये तुम्ही दिसत नाही."

"तेच त म्हनतो मी!" ते ओरडले, आणि मग आवाज खाली आणला, कारण बायका ऐकत होत्या. "रश्मी मॅडम, माह्यी पंधरा वर्षं झाली या कामात. लंगडं पिल्लू ठेवलं त बाकीची टोचून मारतेत. मी त्याले तरास दिला नाई. एका झटक्यात केलं." हे खरं होतं. मला ते खरं आहे हे माहीत होतं आणि तरीही मी म्हणाले, "चार मिनिटं लागतात, सर. एका पिल्लाला चार मिनिटं."

"आन् एका पिल्लानं काय सिद्ध होते? तुमी सायन्सवाल्या, तुमीच सांगा."

हा प्रश्न बरोबर होता. एका पिल्लाने काही सिद्ध होत नाही, हे मी दहा दिवस स्वतःला सांगत होते. पण एका पिल्लाने पाचाचा सहा होतो, हेही त्यांच्याच नियमात होतं. मी म्हणाले, "सिद्ध काही होत नाही. ते मेलेलं नाही, एवढंच होतं."

मनकर्णाबाई कुंपणाशी बसल्या होत्या. त्या न उठता म्हणाल्या, "भाऊ, तुमी मान मोडली, म्या पाह्यली. मॅडमनं कोंडा काहाडाले लावला, थे मॅडमनं कबूल केलं. आता आमचंच नाव तेवढं ऱ्हायलं पाटीवर. थे पुसा."

गुणवंतरावांनी खिशातून पेन काढलं, पण टोपण काढलं नाही. "ठीक हाय. लंगडं पिल्लू मी जित्तं धरत नाई, कोनीच धरत नाई. सहा फूट चालन त सही करतो. हाये तसा कागद, मारली घेऊन. नाई चाललं त फाडतो."

"तुमीच चाला आंधी सहा फूट," मैना म्हणाली. "सकाळपासून खुर्ची सोडली नाई." बायका हसल्या. गुणवंतरावही थोडे हसले, आणि खरंच उठून उभे राहिले.

अंगणात दोन पोती टोकाला टोक लावून अंथरली. सहा फूट म्हणजे एकशे त्र्याऐंशी सेंटीमीटर. मी टेप लावून सुरुवातीला एक रेघ ओढली, एकशे त्र्याऐंशीवर कोळशाने दुसरी. मनकर्णाबाईंनी पलीकडे चिमूटभर कण्या टाकल्या. कोणीही हात लावायचा नाही, आवाज द्यायचा नाही, हे ठरलं. मी पिल्लू पहिल्या रेघेवर ठेवलं आणि घड्याळ सुरू केलं. ते बसलं. नऊ सेकंद बसून होतं. मग उठलं, डावा पाय, उजवा, उजवा किंचित बाहेर वळलेला, पोत्याच्या शिवणीवर अडखळलं, पोटावर आलं. कोणीतरी श्वास ओढला. गुणवंतरावांनी पेनाचं टोपण काढलं की लावलं, मी पाहिलं नाही, मी पायांकडे पाहत होते. ते पुन्हा उठलं. जिथे थांबून त्याने कण्यांत चोच घातली तिथे मी खूण केली आणि टेप लावला.

एकशे एक्क्याण्णव सेंटीमीटर, कोळशाच्या रेघेपलीकडे आठ. वेळ, अठ्ठेचाळीस सेकंद.